कोकणातलं बंद घर, कौलं की पत्रा, आणि भिंतीला चढणारी ओल: पावसाआधी नेमकं काय करावं?

आजोळ_दापोली (12 एप्रिल, रात्री 9:40)

नमस्कार मंडळी. घर हर्णैच्या अलीकडे, आजोबांनी बांधलेलं. जांभ्याचे चिरे, मंगलोरी कौलं, पुढे ओटी, मागे पडवी. आम्ही सगळे मुंबई-ठाण्यात. मे महिन्यात आठ-दहा दिवस आणि गणपतीला एवढंच घर उघडतं. बाकी वर्षभर शेजारच्या काकू महिन्यातून एकदा दिवा लावून येतात.

निसर्ग वादळात (3 जून 2020) मुख्य छपराची थोडी कौलं गेली, पण मागच्या पडवीवरचा पत्रा सांगाड्यासकट उडाला. तेव्हा घाईघाईत तसाच दुसरा पत्रा बसवून घेतला, तो अजून आहे. आता प्रश्न असे:

एक, कौलं परतायला माणूस मिळत नाही. चुलतभाऊ म्हणतो सगळं काढून रंगीत पत्रा टाकू, एकदाची कटकट मिटेल. आईचा सक्त विरोध.

दोन, पश्चिमेच्या भिंतीला आतून कमरेपर्यंत ओल. गिलाव्याचे पोपडे पडतात, पांढरी पूड निघते. ठेकेदार म्हणतो, खरवडून वॉटरप्रूफ रंगाचे दोन हात मारू, पाच वर्षं बघायला नको.

तीन, गणपतीला दार उघडलं की जो वास येतो तो तुम्हाला माहीत आहेच. गाद्या, देव्हाऱ्याचं लाकूड, सगळ्यावर बुरशी.

पैसे एकदम सगळं करण्याइतके नाहीत. आधी काय, नंतर काय?

---

पागोळी (12 एप्रिल, रात्री 10:15)

तिन्ही प्रश्न आमच्या घराचेच. वाचनखूण साठवली आहे.

एक विचारते, माकडांचं काय? आमच्याकडे (गुहागर) कौलं बदलण्यामागे वादळापेक्षा माकडं जास्त आहेत. फणसावरून थेट छपरावर उडी, दर उडीला दोन कौलं. पावसाळ्यात ते कळेपर्यंत माजघरात तळं झालेलं असतं.

---

देवगडचो_हापूस (12 एप्रिल, रात्री 11:02)

तौक्ते वादळाच्या वक्ताक आमच्या वाडीत दोन घरां शेजारी-शेजारी. एकाचो पत्रो उडालो तो शेजाऱ्याच्या माडार जावन बसलो. दुसऱ्याची कौलां फुटली, पण घर ऱ्हवला. आता तुमीच ठरवा.

---

स्लॅबवाला (13 एप्रिल, सकाळी 7:30)

मी स्थापत्य अभियंता, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गात कामं करतो. देवगडकरांनी जे पाहिलं त्यामागचा हिशोब सांगतो, म्हणजे भावना बाजूला राहतील.

वाऱ्याचा दाब काढायची सोपी रीत: वेग मीटर प्रति सेकंदात घ्या, त्याचा वर्ग करा, 0.6 ने गुणा. उत्तर न्यूटन प्रति चौरस मीटर. ताशी 110 किलोमीटर म्हणजे साधारण 30 मीटर प्रति सेकंद. वर्ग 900, गुणिले 0.6, म्हणजे 540. आपल्या भाषेत दर चौरस मीटरला पंचावन्न किलोच्या आसपास. छपराला हा दाब बहुतेक करून वरच्या दिशेने लागतो, म्हणजे वारा छप्पर दाबत नाही, ओढून काढतो. कडांना आणि कोपऱ्यांना ही ओढ याहून जास्त.

आता वजन बघा. मंगलोरी कौल अडीच किलोच्या आसपास, एका चौरस मीटरला पंधरा लागतात. झाले सदतीस-अडतीस किलो, शिवाय वासे आणि रिपा. अर्धा मिलिमीटर जाडीचा पत्रा चौरस मीटरला जेमतेम साडेचार-पाच किलो. दहा फुटी एक पत्रा तीन चौरस मीटरचा धरला तर वादळात त्याला दीडशे किलोच्या वर ओढ बसते आणि त्याचं स्वतःचं वजन पंधरा किलो. म्हणजे पत्रा टिकतो तो फक्त ज्याने धरून ठेवलाय त्याच्या जिवावर.

कौल सुटं असतं. ओढ जास्त झाली की चार कौलं सरकतात, हवा त्या फटीतून निघून जाते, दाब उतरतो. चार कौलं गेली, घर राहिलं. पत्र्याला ती सोय नाही. सुटला तर आख्खा सुटतो, नाहीतर सांगाडा घेऊन जातो. आजोळ यांच्या पडवीचं हेच झालेलं दिसतंय.

याचा अर्थ पत्रा वाईट असा नाही. पत्रा *बांधावा* लागतो.

---

निळी_ताडपत्री (13 एप्रिल, सकाळी 8:05)

पॉपकॉर्न घेऊन बसलो आहे. कौलं विरुद्ध पत्रा हा वाद आमच्या भावकीत गेली सहा वर्षं चालू आहे, छप्पर अजून तेच.

---

आजोळ_दापोली (13 एप्रिल, सकाळी 8:50)

स्लॅबवाला, मनापासून आभार. चुलतभावाला हा हिशोब पाठवला. त्याचं उत्तर: "मग जाड पत्रा घेऊ." 😀

बांधावा म्हणजे काय ते जरा उलगडून सांगाल का? आमच्या पडवीला तर J-हूकच (इंग्रजी J सारखे वाकवलेले) होते.

---

स्लॅबवाला (13 एप्रिल, दुपारी 1:20)

जाड पत्र्याने फार फरक पडत नाही, फार तर दोन-तीन किलो वाढतील. J-हूक होते, पण ते कशाला अडकले होते? लोखंडी पाइपाला. पाइप कशावर होता? बहुतेक भिंतीवर सिमेंटच्या गोळ्यात बसवलेला. वाऱ्याने पत्रा सोडवला नाही, गोळाच उपटला. मी निसर्गनंतर पाहणी करत फिरलो तेव्हा अशी कितीतरी छपरं शेतात उलटी पडलेली पाहिली: पत्रा, हूक, पाइप सगळं जागच्या जागी, फक्त घराला सोडून आलेलं.

म्हणून साखळी बघायची. पत्रा रिपेला किंवा पाइपाला, पाइप कैचीला (छपराच्या त्रिकोणी सांगाड्याला), कैची भिंतीवरच्या तुळईला, तुळई भिंतीत खोलवर गेलेल्या बोल्टला. एक कडी कच्ची असली की बाकीचा खर्च वाया. जांभ्याच्या भिंतीत वरच्या थरात नुसता बोल्ट ठोकून भागत नाही, चिरा ठिसूळ असतो. भिंतीच्या माथ्यावर सळई घालून सिमेंट काँक्रीटचा सलग पट्टा ओता आणि त्यातून बोल्ट वर काढा. घर जुनं असलं तरी छप्पर उतरवलेलं असताना हे करता येतं, नंतर नाही.

बाकी बारीक गोष्टी. कडेच्या दोन-तीन ओळींत हूक किंवा स्क्रू मधल्या भागापेक्षा जवळजवळ. ते पत्र्याच्या उंचवट्यावर मारायचे, खळग्यात मारले की पाणी तिथूनच आत. रबरी वॉशर चांगल्या प्रतीचा, साधं रबर उन्हात दोन-तीन वर्षांत तडकतं. समुद्राजवळ साधे स्क्रू नकोच, गंजून डोकं राहतं आणि दांडा जातो, वरून मात्र सगळं ठीक दिसतं.

कौलांसाठी: मंगलोरी कौल उलटं करून बघा. पाठीमागे एक छोटा उंचवटा असतो, त्यात भोक असतं. ते तारेसाठी दिलेलं आहे. आजकाल कोणी तार घालत नाही. आढ्यालगतच्या, वळचणीच्या आणि दोन्ही बाजूंच्या कडांच्या ओळी तांब्याच्या नाहीतर जस्त चढवलेल्या तारेने रिपेला बांधल्या तरी बरंच काम होतं. आढ्यावरची कौलं चुन्यात किंवा हलक्या सिमेंटात पक्की बसवा.

---

पागोळी (13 एप्रिल, दुपारी 2:10)

त्या भोकाचा उपयोग आज कळला! लहानपणी आम्ही फुटक्या कौलांच्या त्या भोकात दोरी ओवून गाड्या करायचो.

---

म्हापशेकर (13 एप्रिल, संध्याकाळी 6:45)

मंगलोरी कौलांचा पहिला कारखाना बासेल मिशन या ख्रिस्ती धर्मप्रचारक संस्थेने मंगळुरात 1865 साली काढला. आमच्याकडे गोव्यात आणि तुमच्याकडे कोकणात जुन्या घरांवर ती कौलं अजून आहेत. शंभर वर्षांचं कौल खालून वाजवलं तर खणखणतं. नवीन मिळतात ती सगळीच तशी नसतात, म्हणून कुठे जुनं घर पाडत असतील तर कौलं उचलून आणा. घेताना प्रत्येक वाजवून घ्या. बद्द आवाज आला तर बाजूला ठेवा, त्यात चीर असते.

बाकी भिंतीबद्दल माझं मत स्पष्ट आहे. तो वॉटरप्रूफ रंग आतून लावू नका. सविस्तर रात्री लिहितो.

---

घाटावरची (13 एप्रिल, संध्याकाळी 7:30)

मी पुण्याची, त्यामुळे कोकणातल्या पावसाबद्दल बोलायचा अधिकार नाही म्हणाल. पण सासर मंडणगडचं. सासूबाई सांगतात, पूर्वी मृगाआधी पश्चिमेच्या भिंतीला माडाच्या झावळ्यांचे झाप बांधायचे, आडव्या बांबूंवर, जमिनीपासून वळचणीपर्यंत. झड भिंतीला लागायचीच नाही. दसऱ्याला झाप सोडायचे आणि पाणी तापवायला जाळायचे. आता झापाच्या जागी निळं प्लास्टिक आलं, आणि ते वाऱ्याने फडफडून पहिल्याच पंधरवड्यात फाटतं. झाप विणणारी माणसंही गेली.

---

आजोळ_दापोली (13 एप्रिल, रात्री 8:15)

घाटावरची ताई, बरोबर! आमच्या पश्चिमेच्या भिंतीला अजून त्या बांबूंसाठी ठोकलेल्या खुंट्या आहेत. मला वाटायचं कपडे वाळत घालायला असतील.

---

म्हापशेकर (13 एप्रिल, रात्री 10:30)

आता भिंत.

आधी ओल कुठून येते ते ठरवा. तीन वाटा असतात. खालून जमिनीतून वर चढणारी. बाहेरून झडीने आत येणारी. आणि हवेतली वाफ गार भिंतीवर जमून होणारी. तिन्हीची औषधं वेगळी.

खालून चढणारी ओल जमिनीपासून सुरू होते आणि साधारण मीटरभर वर जाऊन एका वेड्यावाकड्या रेघेवर थांबते. त्या रेघेवर पांढरी पूड, म्हणजे लोणा, सगळ्यात जास्त. पाणी वर चढताना जमिनीतले क्षार घेऊन येतं, पाणी उडून जातं, क्षार गिलाव्यात राहतात, फुगतात आणि पोपडा ढकलतात. झडीची ओल कुठेही असते, खिडकीच्या खालच्या कोपऱ्यात जास्त, आणि पाऊस थांबला की काही दिवसांत फिकी होते. तिसरी कपाटामागे, कोपऱ्यात, काळ्या ठिपक्यांनी दिसते.

शंका असेल तर ही चाचणी करा. स्वयंपाकघरातल्या चंदेरी कागदाचा हातभर तुकडा भिंतीला चारही कडांनी चिकटपट्टीने घट्ट लावा. दोन दिवसांनी काढा. भिंतीकडच्या बाजूला थेंब असतील तर पाणी भिंतीतून येतंय. खोलीकडच्या बाजूला असतील तर ते हवेतलं.

आजोळ यांचं वर्णन (कमरेपर्यंत, पांढरी पूड) ऐकून ही पहिली वाट वाटते, दुसरीची भर पडलेली. आणि आता रंगाचं. जांभा सच्छिद्र असतो, पाणी पितो आणि सोडतो. आजोबांच्या काळी वर चुन्याचा गिलावा असायचा, तोही पाणी सोडतो. त्यावर कोणीतरी नंतर सिमेंटचा गिलावा केला असेल. सिमेंटातून पाणी सहज बाहेर पडत नाही. आता त्यावर प्लास्टिकसारखा रंग मारला की उरलीसुरली वाट बंद. पाणी जाईल कुठे? आणखी वर. आज कमरेपर्यंत आहे ती दोन वर्षांत खांद्यापर्यंत येईल, आणि ठेकेदार तोवर फोन उचलत नसेल.

---

रंगारी_नव्हे_रंगकर्मी (13 एप्रिल, रात्री 11:20)

असहमत. माझं रंगांचं दुकान आहे, त्यामुळे पक्षपाती म्हणा हवं तर. बाहेरच्या बाजूने चांगला लवचीक रंग झडीला उत्तम अडवतो, मी शेकडो घरांवर पाहिलंय. सरसकट सगळ्या रंगांना झोडपू नका. चुन्याचं कौतुक करणाऱ्यांनी दर वर्षी चुना लावायला मजूर किती घेतात तेही सांगावं.

---

म्हापशेकर (14 एप्रिल, सकाळी 7:10)

रंगकर्मी, माझा आक्षेप *आतून* लावण्याला आहे. सिमेंट गिलाव्याच्या नव्या घराला बाहेरून रंग लावा, काही हरकत नाही. पण खालून ओल चढणाऱ्या जांभ्याच्या भिंतीला दोन्ही बाजूंनी गुंडाळू नका. मजुरीचा मुद्दा मान्य. महाग आहे.

---

स्लॅबवाला (14 एप्रिल, सकाळी 9:00)

म्हापशेकरांशी सहमत, रंगकर्मींशी अर्धा. पण रंग, चुना, रसायन या सगळ्याच्या आधी फावडं घ्या.

जुन्या घरांचं जोतं दीड-दोन फूट उंच असायचं. गेल्या चाळीस वर्षांत अंगणात भराव पडला, फरशी आली, पेव्हर ब्लॉक आले, रस्ता दोनदा उंच झाला. आज कित्येक घरांचं जोतं वीतभर उरलंय. पागोळ्यांचं पाणी फरशीवर आपटून भिंतीवर उडतं आणि तिथेच मुरतं. मग म्हणायचं, घराला ओल आली. घराला ओल अंगणाने आणली आहे.

म्हणून पहिलं काम: बाहेरून भिंतीलगत जमा झालेली माती उकरून जोतं पुन्हा उघडं करा. पागोळी पडते त्या रेषेवर चर खणा, त्यात खडी भरा, चराला उतार देऊन पाणी घरापासून लांब न्या. पन्हळ लावणार असाल तर ती पानांनी तुंबते हे लक्षात ठेवा, तुंबलेली पन्हळ बिनपन्हळीपेक्षा वाईट, सगळं पाणी एकाच जागी भिंतीवर ओतते. हे काम दोन मजुरांचं आहे आणि एवढ्याने ओल अर्धी उतरल्याची घरं मी पाहिली आहेत.

पुढचा टप्पा, गरज वाटली तरच. भिंतीत खालच्या सांध्याच्या ओळीत दहा-बारा सेंटिमीटरवर भोकं पाडून पाणी अडवणारं रसायन भरतात. नव्या घरात हे काम डीपीसीचा (जोत्यावर घातलेला, ओल अडवणारा) थर करतो, जुन्या घरात तो नसतो. जांभ्यात ते सारखं पसरेल याची खात्री मी देत नाही, चिऱ्यात पोकळ्या फार. चांगला माणूस मिळाला तरच करा.

आणि गिलावा: खराब झालेला ओलीच्या रेघेच्या वर फूट-दीड फुटापर्यंत पूर्ण काढून टाका. सांधे खरवडा. लोणा *कोरड्या* ब्रशने झाडा, पाण्याने धुतलात तर तो परत आत जाईल. मग भिंत उघडी ठेवा. ओली भिंत साधारण महिन्याला इंचभर सुकते असा आमचा ठोकताळा आहे. तुमची भिंत दीड फुटी असेल, दोन्ही बाजूंनी सुकली तरी आठ-नऊ महिने, आणि त्यात पावसाळा धरायचा नाही. म्हणजे यंदा ते होणार नाही. एप्रिलमध्ये ओलीचं काम काढायचं म्हणजे ओल्या भिंतीवर नवा गिलावा थापायचा.

---

पागोळी (14 एप्रिल, सकाळी 9:40)

हे कोणीच सांगत नाही! सगळे ठेकेदार मेमध्येच "पावसाआधी उरकून टाकू" म्हणतात.

---

ठाणेकर_72 (14 एप्रिल, दुपारी 12:15)

धागा कोकणाचा आहे, तरी आमचं रडगाणं गातो. सोसायटी, वरचा मजला, पश्चिमेची भिंत गळते. सेक्रेटरी म्हणतात आतून दुरुस्त करा, तुमचा खर्च. कोणाचं बरोबर?

---

निळी_ताडपत्री (14 एप्रिल, दुपारी 12:40)

पावसाच्या पाण्याने बाहेरच्या भिंतीतून किंवा गच्चीतून होणारी गळती सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे (नमुना नियमांप्रमाणे) सोसायटीच्या खर्चाने. तुमच्या संडास-मोरीतून खालच्या घरात गेली तर तुमच्या खर्चाने. लेखी अर्ज द्या, पोच घ्या. अवांतर संपलं.

---

देवगडचो_हापूस (14 एप्रिल, दुपारी 3:30)

(मराठीत लिहितो, नाहीतर कोणीतरी भाषांतर मागेल.)

आमच्याकडे घर पाडून स्लॅब टाकायची साथ आहे. स्लॅब सपाट, चार वर्षांत गळतो, मग त्यावर पत्र्याची शेड. म्हणजे स्लॅबचा खर्च आणि पत्र्याचाही. उतरतं छप्पर का होतं हे त्या शेडने सिद्ध केलंच की.

---

स्लॅबवाला (14 एप्रिल, संध्याकाळी 5:50)

नाव स्लॅबवाला असलं तरी याला माझा दुजोरा. समुद्राकाठी स्लॅबचा खरा शत्रू गळती नाही, खारा वारा. आयएस 456 (काँक्रीटच्या कामाचं भारतीय मानक) प्रमाणे किनाऱ्यावर उघड्या काँक्रीटमध्ये सळईवर 45 मिलिमीटर काँक्रीट हवं आणि काँक्रीट निदान एम 30 दर्जाचं. प्रत्यक्षात सळईखाली खडीचा तुकडा सरकवतात, पंधरा-वीस मिलिमीटर मिळालं तर नशीब. सळई गंजली की फुगते आणि खालून पोपडे पडतात. त्यावर वरून कितीही कोबा करा. (कोबा करायचाच असेल तर शंभराला एक उतार, कठड्याशी कोपरा गोल भरलेला, आणि पाणी कोंडून दोन दिवस बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.)

जुन्या घराची आणखी एक गोष्ट सांगायची राहिली. चौपाखी (चारही बाजूंना उतार असलेलं) छप्पर दुपाखीपेक्षा वादळात चांगलं टिकतं, कारण वाऱ्याला सरळ उभी त्रिकोणी भिंत मिळत नाही. उतार 22 ते 30 अंशांच्या दरम्यान असला तर ओढ कमी. आणि पडवीचं छप्पर मुख्य छपरापासून *वेगळं* हवं, एका सरळ रेषेत ओढलेलं नको. कारण पडवी उघडी, वारा तिच्याखाली शिरतो. वेगळी असेल तर पडवी जाते, घर राहतं. वादळासाठीच्या बांधकाम सूचनांमध्ये हे तिन्ही मुद्दे आहेत, आणि आपल्या सुतारांनी ते त्याआधीच केलेले.

एकाच ठिकाणी ओढाताण आहे. झडीसाठी छप्पर भिंतीबाहेर जेवढं जास्त तेवढं चांगलं, वादळासाठी जेवढं कमी तेवढं. दीड फुटावर थांबा, त्यापुढची सावली वेगळ्या पडवीने द्या.

---

घाटावरची (14 एप्रिल, रात्री 8:20)

वादळाच्या वेळी खिडक्या उघड्या ठेवाव्यात म्हणजे दाब निघून जातो, असं आमच्या व्हॉट्सॅप गटात फिरत होतं. खरं का?

---

स्लॅबवाला (14 एप्रिल, रात्री 8:45)

नाही. वाऱ्याच्या बाजूची खिडकी उघडली किंवा फुटली की वारा आत भरतो आणि छपराला आतून वर ढकलतो. बाहेरून ओढ, आतून ढकल. सगळं बंद ठेवा. बंद घर असेल तर मेअखेरीलाच पश्चिमेच्या खिडक्यांना बाहेरून प्लायवूड नाहीतर जुन्या फळ्या ठोका.

---

पागोळी (14 एप्रिल, रात्री 9:30)

आता तिसऱ्या प्रश्नाकडे या ना कोणीतरी. बुरशी!

माझं निरीक्षण सांगते. आजीच्या वेळी घरात चूल होती. धूर सगळ्या वाशांतून फिरून कौलांतून बाहेर जायचा. लाकूड काळं पडायचं पण त्याला कधी भुंगा लागला नाही, आणि घर आतून कोरडं. गॅस आला, धूर गेला, वर सिलिंग ठोकलं. आता वाशांची काय अवस्था आहे ते सिलिंगमुळे दिसतही नाही. गेल्या वर्षी आमच्या एका वाशात स्क्रू ड्रायव्हर मुठीपर्यंत गेला, आत नुसता भुसा, वरून पॉलिश चकाचक.

चूल परत पेटवा असं मी म्हणत नाही (पेटवणारी मीच असणार), पण सिलिंगमधल्या दोन फळ्या काढून वर हवा खेळती ठेवली आहे आणि वासे दिसतील असं केलं आहे.

---

म्हापशेकर (14 एप्रिल, रात्री 10:10)

फार महत्त्वाचं लिहिलंत. बंद घराला पावसाळ्यात हवा हवी, पाणी नको, हीच अडचण. आम्ही काय करतो: वळचणीखाली भिंतीच्या माथ्याशी झरोके आहेत ते बुजवले नाहीत, जाळी लावली आहे (वटवाघळांसाठी). आतली सगळी दारं आणि कपाटं उघडी. फर्निचर भिंतीपासून वीतभर पुढे. गाद्या जमिनीवर नाहीत, दोरीवर टांगलेल्या. आणि घर बघणाऱ्या बाईंना ठरवून पैसे देतो: उघडीप मिळाली की दोन-तीन तास दारं उघडायची. पाऊस पडत असताना नाही, तेव्हा बाहेरची हवा आतल्यापेक्षा ओली असते.

आजोळ, काकूंना महिन्यातून एकदा दिवा लावायला सांगता त्याऐवजी आठवड्याला एक उघडीप बघायला सांगा, आणि त्याचे रीतसर पैसे द्या. शेजारधर्मावर घर चालवू नका.

---

ठाणेकर_72 (15 एप्रिल, सकाळी 8:00)

विमा कोणी काढलाय का कोकणातल्या घराचा?

---

निळी_ताडपत्री (15 एप्रिल, सकाळी 8:35)

1 एप्रिल 2021 पासून "भारत गृह रक्षा" नावाची ठरावीक पॉलिसी सगळ्या सामान्य विमा कंपन्यांना द्यावी लागते. त्यात वादळ, पूर, दरड सगळं येतं. घराच्या विमा रकमेच्या 20 टक्के, कमाल दहा लाखांपर्यंत, आतल्या सामानाला आपोआप संरक्षण. हळूहळू चढलेली ओल आणि जुनं झाल्यामुळे गळणारं छप्पर यात येत नाही. सलग बराच काळ बंद असलेल्या घराबद्दलची अट आधी वाचून घ्या, कंपनीला तसं लेखी कळवा.

आणि विमा असो नसो, आत्ताच चारही बाजूंनी आणि आतून फोटो काढून ठेवा. वादळानंतर तलाठी पंचनाम्याला येतो तेव्हा "आधी कसं होतं" हे दाखवायला काही नसतं. निसर्गनंतर आमच्याकडे कित्येकांनी पंचनामा व्हायच्या आतच मोडतोड उचलली, कारण पाऊस तोंडावर होता. उचला, पण आधी फोटो.

---

आजोळ_दापोली (16 एप्रिल, रात्री 9:15)

सगळ्यांचे आभार. काल घरच्यांची ऑनलाइन सभा झाली, दोन तास. निष्कर्ष असा.

यंदा: मागच्या पडवीचा पत्रा काढून सांगाडा नव्याने, माथ्यावर काँक्रीटचा पट्टा, बोल्ट. मुख्य छपरावर कौलंच राहणार (आई जिंकली), कडांना तार, फुटकी बदलणं. पश्चिमेला जोत्यालगतची माती काढून चर. अंगणातली फरशी भिंतीपासून दोन फूट उखडायची, यावर काकांनी खळखळ केली कारण ती त्यांनीच घातली होती. खुंट्या आहेतच, तर झाप मिळाले तर झाप, नाहीतर हिरवी जाळी आणि बांबू.

दिवाळीनंतर: पश्चिमेचा गिलावा काढून भिंत उघडी. पुढच्या वर्षी चुन्याचा गिलावा.

चुलतभावाची एक अट: माकडांनी कौलं फोडली तर दर वेळी त्याने गावी जायचं नाही.

आता एकच विचारायचं राहिलं. दापोली-मंडणगड भागात चुन्याचं काम करणारा गवंडी कोणाला माहीत आहे का? आणि छपराचं काम मेमध्ये सुरू केलं तर चालेल ना?

---

स्लॅबवाला (16 एप्रिल, रात्री 9:50)

मे नको, उद्यापासून सुरू करा. 2025 साली 26 मेलाच मान्सून मुंबईत पोचला होता, त्याआधी कोकणात आठवडाभर पाऊस होता, आणि मृगाच्या भरवशावर छपरं उघडी टाकलेल्यांची धावपळ मी बघितली आहे. एका वेळी एकच पाखं उघडा, संध्याकाळी ताडपत्रीने झाकल्याशिवाय कामगारांना सोडू नका. काँक्रीटच्या पट्ट्याला निदान सात दिवस पाणी मारा आणि त्यानंतरच बोल्ट आवळा.

---

घाटावरची (16 एप्रिल, रात्री 10:25)

गवंड्यासाठी विपू (विचारपूस, म्हणजे तुमच्या पानावर निरोप) केली आहे. आमच्या गावच्या देवळाचं चुन्याचं काम ज्यांनी केलं ते आहेत. चुना महिनाभर आधी भिजत घालायला सांगतात, त्यामुळे दिवाळीनंतर काम हवं असेल तर दसऱ्यालाच फोन करा. झाप विणणारी एक बाई अजून आहेत आमच्या वाडीत, त्यांचाही नंबर दिला आहे. मेच्या पहिल्या आठवड्यात सांगितलंत तर होईल, त्यानंतर त्या काजूच्या कामात असतात.